ब्लॅक अँड व्हाइट फोटो: डिजिटलची सवय फिल्मवर नको आणि उलटंही नको, या चुका टाळा

माझा पहिला रोल मी दादरच्या फुलबाजारात पहाटे मारला, एचपी५ नावाची ब्लॅक अँड व्हाइट फिल्म, आणि डिजिटलवर करायचो तेच केलं, म्हणजे बल्बखालची पांढरी शेवंती जळू नये म्हणून एक्स्पोजर (फिल्मला दिलेला उजेड) दीड-दोन स्टॉप खाली; एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट. रोल धुऊन बघतो तर फुलं झकास, पण फुलवाल्या मावशींचा चेहरा, टोपल्या, मागची गर्दी सगळं गायब, निगेटिव्हवर तिथे नुसती कोरी फिल्म. जे उमटलंच नाही ते स्कॅनर कुठून आणणार, कपाळ!

तर फिल्मवर सावली सांभाळायची आणि डिजिटलवर उजेड. निगेटिव्ह फिल्म एखादा स्टॉप जास्त आरामात पचवते, कमी दिलेलं मात्र अजिबात नाही. डिजिटलचं उलटं, अंधारातून बरंच ओढून काढता येतं पण पांढरं एकदा जळलं की गेलं. माझा एक पक्का फिल्मवाला मित्र, त्याने डिजिटल घेतल्यावर भर दुपारी मरीन ड्राइव्हला सवयीने "थोडं जास्तच देऊ" केलं आणि आकाश, समुद्र, लोकांचे शर्ट सगळा एकच कोरा कागद. हिस्टोग्राम, म्हणजे स्क्रीनवरचा उजेड-अंधाराचा आलेख, बघायची सवयच नाही ना.

दुसरी गडबड रंगांची. बेस्टची लाल बस हिरव्या झाडापुढे डोळ्याला उठून दिसते, पण ब्लॅक अँड व्हाइटमध्ये दोघं जवळपास एकाच राखाडी रंगाचे होतात, बस झाडात घुसल्यासारखी. डिजिटलवर रॉमध्ये (रंगांची सगळी माहिती राखणारी कच्ची फाइल) काढा, स्क्रीनवर प्रीव्ह्यू मोनोक्रोम ठेवा, मग एडिटिंगमध्ये लाल-हिरव्याचे स्लायडर वेगवेगळे हलवा. नुसतं मोनोक्रोम जेपेग काढलंत तर रंगांची माहिती कॅमेऱ्यानेच फेकून दिली, मग स्लायडर हलवून काय होणार. फिल्मवर हे आधीच ठरवावं लागतं, पिवळा फिल्टर साधारण एक स्टॉप खातो, लाल तीनेक. लाल लावला की बस उजळ आणि झाड काळं. पण तोच लाल फिल्टर साध्या डिजिटलवर चढवू नका, सेन्सरवर लाल पिक्सेल चारात एकच असतो, बाकीचे जवळपास उपाशी आणि फोटोत नॉइज.

घरी रोल धुणाऱ्यांनो, डेव्हलपिंगच्या चार्टवरचा टाइम २० डिग्रीचा असतो आणि मे महिन्यात आपल्या नळाचं पाणी तिशीच्या आसपास. तोच टाइम ठेवलात तर निगेटिव्ह कोळसा. टाइम कमी करता येतो, पण पाच मिनिटांच्या खाली गेलं की डेव्हलपिंग सारखं होत नाही, पट्टे येतात. मी बादलीत पाणी, त्यात बर्फ, आणि त्यात डेव्हलपरची (चित्र उमटवणारं रसायन) बाटली उभी करतो (बर्फ डेव्हलपरमध्ये नाही टाकायचा, हे कुणीतरी केलंय म्हणून सांगतोय, कुणी ते विचारू नका). फिक्सर (चित्र पक्कं करणारं रसायन) आणि धुवायचं पाणीही त्याच तापमानाला आणा, एकदम थंड-गरम केलं तर फिल्मच्या थराला सुरकुत्या पडतात.

वाळवताना पंखा बंद, नाहीतर ओल्या फिल्मला धूळ चिकटते. बाथरूममध्ये दोरीला टांगा, दार लावा आणि घरच्यांना दोन तास अंघोळ नाही म्हणून सांगा.

आणि स्कॅन करताना सॉफ्टवेअरमधलं इन्फ्रारेड डस्ट रिमूव्हल बंदच ठेवा. ते कलर फिल्मसाठी आहे, नेहमीच्या ब्लॅक अँड व्हाइट फिल्ममधल्या चांदीतून इन्फ्रारेड पार जात नाही, त्यामुळे स्कॅनर चांगल्या डिटेललाच धूळ समजून पुसायला लागतो. धूळ ब्लोअरने उडवा, उरलेले ठिपके एकेक करून हाताने काढा, ३६ फ्रेमचा रोल असला तर रविवार गेलाच समजा.