अमेरिकेत शिकताना प्रोफेशनल फ्रॅटर्निटी: रशपासून बिडपर्यंत

फ्रॅटर्निटी म्हटलं की घरच्यांच्या डोळ्यांसमोर हॉलिवूडच्या सिनेमातल्या रात्रभराच्या पार्ट्या येतात. ती सोशल फ्रॅटर्निटी. प्रोफेशनल फ्रॅटर्निटी म्हणजे एकाच क्षेत्रात शिकणाऱ्यांची संघटना. बहुतेक ठिकाणी तिथे राहायला जावं लागत नाही. मी मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात मेकॅनिकल करते, थीटा टाऊची सभासद आहे, आणि गेल्या वर्षी आमच्या चॅप्टरच्या, म्हणजे विद्यापीठातल्या शाखेच्या, भरतीचं काम माझ्याकडे होतं. त्यामुळे हे सगळं टेबलाच्या पलीकडून पाहिलेलं आहे.

आधी कुठली निवडायची ते बघा. थीटा टाऊ इंजिनिअरिंगची. १९०४ साली मिनेसोटा विद्यापीठात चार विद्यार्थ्यांनी ती काढली, तेव्हा नाव होतं ‘सोसायटी ऑफ हॅमर अँड टाँग्ज’. बिझनेसवाल्यांसाठी अल्फा कप्पा साय (१९०४) आणि डेल्टा सिग्मा पाय (१९०७), दोन्हींचा जन्म न्यूयॉर्क विद्यापीठातला. डेल्टा सिग्मा पाय फक्त बिझनेस-इकॉनॉमिक्सच्या विद्यार्थ्यांना घेते. अल्फा कप्पा सायच्या बऱ्याच चॅप्टरमध्ये इतर शाखांनाही प्रवेश असतो. फार्मसी, कायदा, मेडिकल, सगळ्यांच्या वेगळ्या आहेत. एकाच क्षेत्रातल्या दोन प्रतिस्पर्धी संघटनांचं एकदम सभासद होता येत नाही, म्हणून घाईने पहिलीलाच हो म्हणू नका. टाऊ बीटा पाय हे नाव ऐकून गोंधळू नका. ती मार्कांवर बोलावणारी ऑनर सोसायटी आहे, तिथे भरतीचा आठवडा नसतो.

मुलींनी बिनधास्त यावं. शिक्षणात स्त्री-पुरुष भेदभावाला बंदी घालणाऱ्या १९७२ च्या टायटल नाइन कायद्यातून सोशल फ्रॅटर्निटींना नंतर सूट मिळाली, प्रोफेशनलना मिळाली नाही, आणि सत्तरच्या दशकात त्यांची दारं मुलींना उघडली. आज कितीतरी चॅप्टर मुलीच चालवतात.

रश म्हणजे भरतीचा आठवडा. तो सेमिस्टर सुरू झाल्यावर लगेचच, पहिल्या काही आठवड्यांत येतो आणि तुम्ही बँक खातं आणि सिमकार्डाच्या मागे असताना निघूनही जातो. ऑगस्टमध्ये पोचल्या पोचल्या चॅप्टरचं इन्स्टाग्राम फॉलो करा. तारखा तिथेच पडतात. माहितीसत्र, एखादी खेळाची संध्याकाळ, रेझ्युमे तपासणी, कॉफी चॅट, मुलाखत, असा साधारण क्रम. जितक्या कार्यक्रमांना जाल तितके लोक तुम्हाला नावाने ओळखतील, आणि शेवटी मतदान हेच लोक करतात.

कॉफी चॅट ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि आपली मुलं नेमकी इथे मागे पडतात. अर्धा तास एका सभासदाबरोबर कॅम्पसवरच्या कॅफेत बसायचं, बस. आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं की आपल्या तोंडाने आपलं कौतुक करू नये. मग ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ म्हटल्यावर गाव, शाळा, बारावीचे टक्के सांगून माणूस गप्प होतो. समोरच्याला त्या टक्क्यांतून काहीच कळत नाही.

पुण्याहून आलेल्या एका फर्स्ट इयरच्या मुलीचा रेझ्युमे मी तपासायला बसले होते. त्यावर मार्क, एक पायथनचा कोर्स आणि ‘हार्डवर्किंग, टीम प्लेयर’. गप्पांत कळलं की ती दोन वर्षं ढोल-ताशा पथकात होती. वाजवायचीस फक्त? नाही म्हणाली, ढोल ताणायचं आणि पानं बदलायचं काम तिच्याकडे. पावसाळ्यात सराव चालतो, ओल्या हवेत पान ढिलं पडतं, मग दोऱ्या ओढून ते परत ताणायचं. कुठला ढोल कधी ताणला, कुठलं पान फाटायला आलंय, याची वही तीच ठेवायची, आणि मिरवणुकीच्या दिवशी जादा पानं घेऊन टेम्पोत तीच बसायची. अगं, ही तर देखभालीचं वेळापत्रक आणि सुट्या भागांचा साठा सांभाळणारी इंजिनिअर! आम्ही ‘टीम प्लेयर’ खोडलं आणि हे दोन ओळींत लिहिलं: किती ढोल, किती माणसं, तिने काय केलं. मुलाखतीत सगळ्यांनी तिला तेवढंच विचारलं आणि ती थांबेना. तुमच्याकडेही असं काहीतरी आहे. मामाचं गॅरेज असेल, ठिबकचं काम असेल, गणपती मंडळाचा हिशेब असेल. ते मोठ्याने, आकड्यांसकट सांगायचा सराव रूममेटसमोर करून जा.

समोरच्यालाही प्रश्न विचारा. ‘फ्रॅटर्निटीचा फायदा काय’ असं नाही. ‘गेल्या सेमिस्टरला तू स्वतः काय काम केलंस’ असं. उत्तर अडखळलं तर त्या चॅप्टरबद्दल तुम्हाला बरंच कळलं.

निवड झाली की बिड येतो, म्हणजे लेखी निमंत्रण. उत्तर द्यायला वेळ थोडा असतो, म्हणून पैसे, वेळ आणि वागणूक यांची चौकशी आधीच करून ठेवा. दर सेमिस्टरचे ड्यूज (वर्गणी), राष्ट्रीय संघटनेची एकरकमी फी, टी-शर्ट आणि बॅज धरून पहिल्या वर्षाचा एकूण आकडा ईमेलवर मागा. हप्ते मिळतात का विचारा. कित्येक ठिकाणी मिळतात, पण सांगत कोणी नाही. नव्या सभासदांचं प्रशिक्षण काही आठवडे चालतं आणि त्यात संध्याकाळचा वेळ जातो. थर्मोडायनॅमिक्सची मिडटर्म त्याच आठवड्यात आहे का, हे कॅलेंडर उघडून बघा.

आणि हेझिंग, म्हणजे अमेरिकेतलं रॅगिंग. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. तिथे बहुतेक राज्यांचे कायदे आहेतच, शिवाय डिसेंबर २०२४ मध्ये ‘स्टॉप कॅम्पस हेझिंग ॲक्ट’ झाला. दोषी ठरलेल्या संघटनांचा अहवाल विद्यापीठाला वेबसाइटवर टाकावा लागतो. तो अहवाल बिडवर सही करण्याआधी वाचा. झोपू न देणं, दारू पाजणं, फोन काढून घेणं, कुणाची वैयक्तिक कामं करायला लावणं, हे कितीही ‘परंपरा’ म्हणून सांगितलं तरी उठून निघून या आणि डीनच्या ऑफिसला कळवा. हे सहन करत थांबावं अशी कुठलीही ओळख किंवा नोकरी नाही.

एफ-वन, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर सभासद व्हायला अडचण नसते. सीनियरने कंपनीत नाव सुचवलं तरी कॅम्पसबाहेरच्या पगारी इंटर्नशिपसाठी सीपीटी (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करायची परवानगी) लागतं, आणि पदवीच्या विद्यार्थ्यांना ते साधारण एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झाल्यावरच मिळतं. इंटरनॅशनल ऑफिसशी आधी बोला.

बिड नाही आला तर पुढच्या सेमिस्टरला परत जा. दुसऱ्या खेपेला आलेल्यांना आम्ही आवर्जून लक्षात ठेवतो. मधल्या काळात सोसायटी ऑफ विमेन इंजिनिअर्स किंवा एएसएमई या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संघटनेच्या विद्यार्थी शाखेत नाव नोंदवा. तिथे मुलाखत लागत नाही, आणि आमचे अर्धेअधिक सभासद तिथेच भेटतात.