डेटा हब व्हायचंय? मग या चुका टाळा

ऐरोलीहून महापेकडे जाताना डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या इमारती दिसतात आणि लोक म्हणतात, नवी मुंबई डेटा हब झालीच. पहिली चूक हीच. तिथे सर्व्हर, म्हणजे डेटा साठवणारे संगणक, राहतात. त्यांवरच्या डेटाचं काम कुठूनही करता येतं. इमारत चालवायला पाळीला मोजकीच माणसं लागतात. डेटावर काम करणारी माणसं इथे घडली, तरच शहर हब.

डेटा सेंटर उभारताना विजेचे दोन फीडर, म्हणजे पुरवठ्याच्या दोन वाहिन्या, घेतल्या म्हणून निर्धास्त होऊ नका, त्या कुठून येतात ते विचारा. १२ ऑक्टोबर २०२० ला कळवा-पडघा भागात पारेषणात बिघाड झाला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदमच अंधारात गेली. फायबरचंही तसंच: कंपन्या दोन पण चर एकच असेल, तर एक जेसीबी पुरतो. आणि सर्व्हरच्या थंडाव्यासाठी मोरबे धरणाचं पिण्याचं पाणी नको, प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरा.

आता माझ्या जिव्हाळ्याची चूक: डेटा न वाचता मॉडेल, म्हणजे अंदाज बांधणारा प्रोग्रॅम, बनवणं. आमच्या पार्सल पोचवण्याच्या कामात एका नव्या मुलाने दोन दिवसांत पार्सलच्या मागणीचा अंदाज बांधला. आलेख सुरेख होता. त्यात कोपरखैरण्याची मागणी निम्म्यावर आलेली दिसली, म्हणून तिथली एक गाडी काढली. तिसऱ्या दिवशी पार्सलांचा ढीग दाराबाहेर आला. यादी उघडली तर कोपरखैरणे, कोपर खैरणे, कोपरखैराणे, के. खैरणे, नुसतंच 'सेक्टर ११'. एकाच नोडची (नवी मुंबईतल्या एका उपनगराची) पाच नावं, आणि मॉडेलने त्यातलं एकच मोजलेलं. पिनकोड ४००७०९ बहुतेक ओळींत होता, पण तो रकानाच त्याने वगळला होता. ग्राहकांना फोन मी केले, बोलणीही मीच खाल्ली.

तेव्हापासून माझी सवय पक्की आहे: पहिल्या दिवशी कोड नाही. दोनशे ओळी छापून घ्यायच्या आणि पेन्सिल घेऊन वाचायच्या. नवीन मुलांना हे कंटाळवाणं वाटतं, त्यांना थेट एआय हवं असतं. पण पाच नावांतून एक गाव ओळखायला ते गाव माहीत असावं लागतं, आणि ते इथल्याच मुलांना माहीत आहे.

शहराच्या कारभाऱ्यांनीही स्कॅन केलेल्या कागदाला खुला डेटा म्हणू नये. बसफेऱ्या, पाणी, तक्रारी यांचे तक्ते सीएसव्हीमध्ये, म्हणजे संगणकाला थेट वाचता येणाऱ्या साध्या फाइलमध्ये, द्यावेत, आणि प्रत्येक तक्त्यात नोडचं नाव एकाच पद्धतीने लिहावं.