थ्रूपुट टाइम कमी करायचाय? नियोजनाच्या पद्धती आधी सिम्युलेशनवर ताडून पाहा

थ्रूपुट टाइम म्हणजे ऑर्डर घेतल्यापासून माल डिस्पॅच होईपर्यंतचा वेळ. मशीन शॉपमध्ये त्यातला बराचसा वेळ यंत्रावर जात नाही, ट्रॉलीवर जातो. त्यावर कोणी म्हणतं कॉनविप लावा (फ्लोअरवरच्या बॅचची संख्या बांधा), कोणी म्हणतं बॅच छोटी करा. प्रत्यक्ष शॉपवर एकेक उपाय करून बघायला दोन-तीन महिने जातात, आणि तेवढ्यात ऑर्डरींचं मिश्रणच बदलतं. मग फरक पडला तो कशामुळे, हे कळायला मार्ग उरत नाही. सिम्युलेशनमध्ये (शॉपची संगणकावरची नक्कल) त्याच ऑर्डरी आणि तेच बिघाड प्रत्येक पद्धतीसमोर पुन्हा जसेच्या तसे ठेवता येतात. तुलना खरी होते ती एवढ्यामुळेच.

उदाहरणाला भोसरीच्या धर्तीचं एक काल्पनिक शॉप घेऊ. गिअर शाफ्ट बनतात, २०० नगांची बॅच. चार सीएनसी लेथ, तीन हॉबिंग (गिअरचे दाते कापणारी) यंत्रं, हीट ट्रीटमेंट बाहेर, दोन ग्राइंडर, शेवटी तपासणी. दोन पाळ्या मिळून कामाचे निव्वळ १५ तास.

आधी कागदावरचा हिशोब

एका बॅचला सेटिंग धरून टर्निंगला १४.३ तास, हॉबिंगला २१.५ (त्यात दीड तास सेटिंग), ग्राइंडिंगला ११ आणि तपासणीला ४ तास लागतात. बेरीज ५०.८ तास, म्हणजे ३.४ दिवस. हीट ट्रीटमेंटचे ३ दिवस मिळवले की ६.४. कुठेही रांग नसेल तर बॅच इतक्या दिवसांत बाहेर पडायला हवी.

आता फ्लोअरवर ३८ बॅच पडून आहेत आणि दिवसाला सरासरी १.९ बॅच डिस्पॅच होतात असं धरा. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेल्या नियमाने (सरासरी वेळ म्हणजे पडून असलेल्या बॅच भागिले रोज बाहेर पडणाऱ्या बॅच) ३८ भागिले १.९, म्हणजे २० दिवस. यांतले साडेतेरा दिवस निव्वळ वाट पाहण्याचे.

हॉबिंगची क्षमता ४५ तास भागिले २१.५, म्हणजे दिवसाला २.०९ बॅच. त्यातल्या १.९ लागतात, म्हणजे लोड (क्षमतेचा वापर) ९१ टक्के. ग्राइंडिंगवर ७० टक्केच. अडचण हॉबिंगवर आहे हे कळायला संगणक लागत नाही. एक यंत्र धरलं तर रांगेतला वेळ लोड भागिले (१ वजा लोड) या गुणोत्तराने वाढतो: ८० टक्क्यांना ४, ९० ला ९, ९५ ला १९. शिवाय त्याला कामाच्या वेळेतल्या आणि येण्यातल्या चढउताराने गुणायचं असतं. हा हिशोब हाताशी नसेल तर सिम्युलेशनने दिलेला आकडा बरोबर की चूक, हे कशावरून ठरवणार?

माहिती गोळा करताना

रूट कार्डवरून (बॅचसोबत फिरणारं नोंदीचं कार्ड) प्रत्येक ऑपरेशनची सुरुवात आणि शेवट घ्या, हीट ट्रीटमेंटसाठी जावक-आवक चलानांच्या तारखा. तीन महिन्यांची कार्डं पुरतात, पण ती नीट भरलेली असायला हवीत. पाळी संपताना एकदम भरलेल्या कार्डांवर सगळ्या वेळा गोल आकड्यात दिसतात. ती बाजूला काढा.

सरासरीवर थांबू नका. सेटिंग आणि दुरुस्तीच्या वेळा एका बाजूला लांब शेपटीच्या असतात. बहुतेक दुरुस्त्या तासाभरात उरकतात, एखादी मात्र दोन दिवस खाते. तिथे नॉर्मल वितरण लावलं तर ऋण वेळासुद्धा येतात. लॉगनॉर्मल किंवा गॅमा ही लांब शेपटीची वितरणं घ्या. बिघाडांऐवजी ‘कार्यक्षमता ८५ टक्के’ असं टाकणं सोपं वाटतं, पण रांगा तुंबवतो तो सलग दोन दिवसांचा बंद, आणि नेमका तोच त्या सरासरीत पुसला जातो. बिघाड किती काळाने येतो आणि दुरुस्तीला किती वेळ लागतो, हे वेगळं घाला.

कॅलेंडर विसरू नका. पिंपरी-चिंचवड, भोसरीकडे गुरुवारची सुट्टी. हीट ट्रीटमेंटवाला दुसऱ्या भागातला असेल तर त्याची सुट्टी वेगळ्या दिवशी, आणि टेम्पो दिवसातून एकदाच निघतो. संध्याकाळी सहाला तयार झालेली बॅच पाचचा टेम्पो चुकवते आणि एक दिवस तिथेच जातो. हे मॉडेलमध्ये असेल तर माल ग्राइंडिंगला थव्याने येताना दिसेल.

मॉडेल

पायथनमधलं सिमपाय हे सिम्युलेशनचं पॅकेज फुकट आहे आणि एवढ्या शॉपला दोन-तीनशे ओळी पुरतात. कोड नको असेल तर जामसिमही मोफत मिळतं. एक्सेलमध्ये एका यंत्राची रांग जमते. तीन यंत्रं आणि अर्जंट ऑर्डरी आल्या की फार ओढाताण होते.

पहिली चाचणी अशी: एकच यंत्र, सरासरी काम ८ तास, लोड ८० टक्के, येणं आणि काम दोन्ही एक्स्पोनेन्शियल वितरणाने. सूत्राने (८ भागिले ०.२) एकूण वेळ ४० तास येतो. दीर्घ रनमध्ये तुमचं मॉडेल चाळिसाच्या आसपास येत नसेल तर कोड तपासा.

सिमपायमध्ये एक खोच आहे. प्रायॉरिटी रिसोर्समध्ये (प्राधान्याने रांग लावणारं यंत्र) प्राधान्य रांगेत शिरताना ठरतं आणि मग बदलत नाही. देय तारखेचा क्रम लावायला ते चालतं. पण क्रिटिकल रेशो (देय तारखेपर्यंत उरलेला वेळ भागिले उरलेलं काम) रोज बदलतो. त्यासाठी रांग स्वतःच्या यादीत ठेवा आणि यंत्र मोकळं होईल तेव्हा नव्याने निवडा. नाहीतर तुम्ही भलताच नियम तपासत बसाल आणि पत्ताही लागणार नाही.

दुसरी खबरदारी याहून महत्त्वाची. ऑर्डर जन्माला येतानाच तिच्या सगळ्या ऑपरेशनच्या वेळा काढून तिला चिकटवून ठेवा. वेळ यंत्रावर चढताना काढलात तर नियम बदलल्याबरोबर यादृच्छिक आकडे इकडचे तिकडे होतात आणि दोन पद्धतींना वेगवेगळं नशीब मिळतं. बिघाडांना वेगळा सीड (यादृच्छिक आकड्यांची मालिका ठरवणारा सुरुवातीचा आकडा) द्या.

मॉडेल शॉपसारखं वागतंय का

आधी आजचीच पद्धत चालवा. पहिल्या फटक्यात २० ऐवजी १२ दिवस आले तर दचकू नका. मॉडेलमधला ऑपरेटर रजेवर जात नाही, फर्स्ट पीस अप्रूव्हलसाठी (सेटिंगनंतरचा पहिला नग पास होण्यासाठी) क्यूसीची वाट बघत नाही आणि मालकाच्या फोनवर चालू सेटिंग मोडत नाही. राहिलेल्या आठ दिवसांची कारणं शोधा: गैरहजेरी, अप्रूव्हल, रिवर्क, कच्च्या मालाची वाट, अर्जंट ऑर्डरसाठी मोडलेली सेटिंग. एकेक घाला आणि पाहा. सगळ्या वेळांना १.६ ने गुणून २० जुळवायचा मोह होईल. तसं केलंत तर हॉबिंगचा लोड १०० च्या वर जाईल आणि पुढचं सगळं निरर्थक ठरेल.

काय काय ताडून पाहायचं

आजची पद्धत म्हणजे पुश: ऑर्डर आली, मटेरियल आलं, की कार्ड फ्लोअरवर. कॉनविपमध्ये (स्पिअरमन, वुड्रफ आणि हॉप यांनी १९९० साली मांडलेली पद्धत) फ्लोअरवरच्या बॅचची संख्या बांधलेली असते. एक बाहेर पडली की एक आत. सिमपायमध्ये ‘कंटेनर’ नावाच्या साठ्यात तेवढे टोकन ठेवायचे, सोडताना एक काढायचं, डिस्पॅचला परत टाकायचं. गोल्डरॅट यांच्या ड्रम-बफर-रोपमध्ये (अडचणीच्या ठाण्याच्या वेगाने काम सोडण्याची पद्धत) मर्यादा फक्त हॉबिंगपर्यंतच्या कामावर असते, तीही बॅचमध्ये न मोजता हॉबिंगच्या तासांत. प्रत्येक पार्टसाठी वेगळं कानबान कार्ड हा प्रकार ऐंशी पार्ट नंबर आणि तुटक मागणीच्या शॉपला बसत नाही. त्यावर वेळ घालवू नये.

कॉनविपची मर्यादा कुठून सुरू करायची? हॉबिंगचा वेग २.०९ गुणिले ६.४ दिवस, म्हणजे साधारण १३ बॅच. चढउतार अजिबात नसता तर एवढ्या पुरल्या असत्या. प्रत्यक्षात १६, २०, २४, ३० आणि ३८ वर चालवून पाहा.

इथेच बहुतेक तुलना फसतात. मर्यादा १६ केली की फ्लोअरवरचा वेळ देखणा दिसतो, पण हॉबिंग अधूनमधून उपाशी राहतं, उत्पादन १.९ च्या खाली घसरतं आणि न सोडलेल्या ऑर्डरींचा गठ्ठा प्लॅनरच्या टेबलावर वाढत जातो. ग्राहकाला वाट तेवढीच पाहावी लागते, किंवा जास्तच. म्हणून दोन वेळा वेगळ्या नोंदवा: कार्ड सोडल्यापासून डिस्पॅचपर्यंत आणि ऑर्डर स्वीकारल्यापासून डिस्पॅचपर्यंत. सरासरीसोबत नव्वदावा पर्सेंटाइल (ज्याच्या आत नव्वद टक्के ऑर्डरी गेल्या तो वेळ) आणि उशिरा गेलेल्या ऑर्डरींची टक्केवारीही घ्या. नुसता ऑर्डर सोडण्याचा नियम बदलून ऑर्डर स्वीकारल्यापासूनचा वेळ फारसा हलत नाही. फ्लोअर मोकळा होतो, खराब माल लवकर सापडतो, बदललेली ऑर्डर यंत्रावर चढायच्या आत थांबवता येते. हे फायदे खरे आहेत, पण त्यांना थ्रूपुट टाइमची घट म्हणून खपवू नये.

कॉनविप आणि ड्रम-बफर-रोपमधला फरक हीट ट्रीटमेंट अडकली की उघडा पडतो. तिकडची भट्टी चार दिवस बंद पडली तर कॉनविपचे टोकन तिथेच अडकतात, नवीन काम सुटत नाही आणि हॉबिंग रिकामं बसतं. ड्रम-बफर-रोपला तिकडचं काही दिसत नाही, हॉबिंग चालू राहतं, आणि नंतर आलेला थवा ७० टक्के लोडचे ग्राइंडर हळूहळू फस्त करतात. अडचणीचं ठाणं सुरुवातीला आणि बाहेरचं काम नंतर, अशा शॉपमध्ये आमचा कौल ड्रम-बफर-रोपला.

वेळ खरोखर कमी करणारी गोष्ट बॅच आणि सेटिंगमध्ये असते, तिथेही उलटं होऊ शकतं. बॅच २०० वरून १०० केली आणि सेटिंग दीड तासच राहिलं, तर हॉबिंगचा लोड ९१ वरून ९७ टक्के होतो आणि तिथली रांग जवळजवळ दुप्पट लांबते. तेच सेटिंग अर्ध्या तासावर आणलं की लोड ८९ टक्क्यांच्या खाली येतो आणि रांगेतला वेळ मूळच्या चाळीस टक्क्यांवर उतरतो. सेटिंग कमी होणारच नसेल तर बॅच २०० च ठेवा, पण टर्निंग झालेले ५०-५० नग पुढे ढकला. एकही जादा सेटिंग लागत नाही.

रन आणि निकाल

मॉडेल रिकाम्या शॉपने सुरू होतं, म्हणून सुरुवातीचे दिवस फसवे असतात. फ्लोअरवरच्या बॅचचा आलेख काढा, तो सपाट होईपर्यंतचा भाग टाकून द्या. ९१ टक्के लोडला याला वेळ लागतो; १०० दिवस टाकून पुढचे ६०० मोजले तर ठीक. प्रत्येक पद्धतीचे दहा रन, दहा सीडवर, आणि तेच दहा सीड सगळ्या पद्धतींना.

मग सरासऱ्या शेजारी मांडू नका. सीडप्रमाणे जोड्या लावून दहा फरक काढा. फरकांची सरासरी, अधिक-उणे २.२६ गुणिले त्या फरकांचं प्रमाण विचलन भागिले दहाचं वर्गमूळ, हा ९५ टक्के खात्रीचा पट्टा. या पट्ट्यात शून्य येत असेल तर दोन्ही पद्धती तूर्त सारख्या धरा आणि राबवायला सोपी असेल ती घ्या, किंवा रन वाढवा.

निवडलेली पद्धत मागणी दहा टक्के वाढवून एकदा चालवा. आपल्या उदाहरणात हॉबिंगचा लोड १०० टक्क्यांना टेकतो, तिथे कुठलाच नियम तग धरत नाही. सेटिंग कमी केलेला पर्याय ९८ पर्यंत तरी श्वास घेतो. फ्लोअरवर आणताना मर्यादा ३८ वरून एकदम २४ करू नका. आठवड्याला दोन बॅच कमी करा आणि हॉबिंगचे रिकामे तास रोज फळ्यावर लिहा. कामाअभावी यंत्र थांबायला लागलं की तिथेच थांबून एक पायरी वर या.