मुंबईजवळचे जुने दीपस्तंभ पाहायला निघताय? या चुका टाळा

दीपस्तंभ बघायला निघणारी मंडळी लोकलचं वेळापत्रक बघतात, भरती-ओहोटीचं नाही. बहुतेक फजित्या इथूनच सुरू होतात.

किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे. तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाला भरती आणि भर दुपारी ओहोटी. सोयीचं वाटतं ना? पण तेव्हा भांग, म्हणजे कमी जोराची भरती-ओहोटी असते, पाणी फारसं ओसरतच नाही. खडक उघडे पडतात ते पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला, आणि ती ओहोटी येते पहाटे नाहीतर तिन्हीसांजेला. शिवाय जितकं पाणी उतरतं तितकंच जोरात ते चढतंही. हिशेब ढोबळच, त्यामुळे जाण्याआधी त्या दिवसाचा भरतीचा तक्ता बघाच.

दुसरी चूक, मोबाइलच्या नकाशावर विसंबून कुलाब्याच्या दांडीला जाणं. 1875 सालचा प्राँग्स दीपस्तंभ नकाशात हाकेच्या अंतरावर दिसतो, मोठ्या ओहोटीला खडकांवरून चालत गाठताही येतो. मात्र वाट नौदलाच्या हद्दीतून जाते. परवानगी नसेल तर फाटकावरूनच परत यावं लागेल. तिथे ड्रोन काढायचा विचारही नको.

खांदेरीचं गणित उलटं. तिथे बोटीला पाणी हवं, म्हणून भरती साधायची. शिवरायांनी 1679 मध्ये बांधायला घेतलेला हा जलदुर्ग, त्यावर इंग्रजांनी 1867 मध्ये उभारलेला दीपस्तंभ. 2025 मध्ये किल्ला जागतिक वारसा यादीत आला आणि चौकशा वाढल्या. गेटवेवरून मांडव्याची बोट पकडली की खांदेरी येईल, असं समजून लोक निघतात. ती बोट तिकडे जात नाही. अलिबागजवळच्या थळहून मच्छीमारांची होडी ठरवावी लागते. ठरवताना जाणं-येणं आणि बेटावर थांबण्याचा वेळ धरून भाडं आधीच पक्कं करा, परवानगीचंही तिथेच विचारा. शेजारची उंदेरी ‘जाता जाता’ उरकू म्हणू नका. तिचे खडक होडीला सहज टेकू देत नाहीत. नाखवा नाही म्हणाला तर हुज्जत घालू नये. पावसाळ्यात तर विषयच सोडा.

चपला घालून येणारे बरेच. ओल्या खडकांवरची कालवं तळपाय कापतात, तेव्हा मागे पट्टा असलेले सँडल किंवा बूट घाला.

आणि वर चढल्यावर भिंगाभोवती पडदे दिसले तर हिरमुसू नका, ओढूही नका. दिवसा उन्हाची तिरीप त्या भिंगातून एकवटली तर आतलं सामान जळू शकतं.

होडी, परवानगी यातलं काही जमत नसेल तर रेवदंड्याची खाडी ओलांडून कोर्लईला जा. तिथला दीपस्तंभ जमिनीवर आहे, रस्ता थेट जातो. आत सोडण्याची वेळ तेवढी आधी विचारून घ्या.