बंद ट्यूब वायरने उघडताना
एचएसजीत, म्हणजे डाय (एक्स-रेत दिसणारं द्रव) सोडून काढलेल्या एक्स-रेत, ट्यूब (गर्भनलिका) गर्भाशयाला लागूनच बंद दिसली, तरी घाई नको. आखडलेला स्नायू किंवा चिकट स्रावाचा गोळाही तसंच चित्र दाखवतो.

ट्यूब उघडायची प्रक्रिया पाळीचा रक्तस्राव थांबल्यावर, बीज सुटण्याआधी. गर्भधारणा व जंतुसंसर्ग नसल्याची खात्री करूनच. गर्भाशयमुखातून कॅथेटर (बारीक नळी) ट्यूबच्या तोंडाशी टेकवून तिथेच डाय सोडतात. कधी एवढ्या दाबानेच वाट मोकळी होते. नाहीच झाली तर ०.०१८ इंची, मऊ टोकाची वायर हलक्या हाताने पुढे-मागे सरकवायची. अडली तर रेटायची नाही, भोक पडतं. ते बहुधा आपोआप भरतं, पण काम तिथेच थांबतं. शेवटी डाय पोटात सांडतो का, पाहायचं.

टोकाकडे पाणी भरून फुगलेल्या ट्यूबला हा उपाय नाही. उघडलेली ट्यूब काही महिन्यांत पुन्हा बंद होऊ शकते. पाळी चुकली तर सोनोग्राफी लवकर करा. गर्भ ट्यूबमध्येच रुजण्याचा धोका असतो.