वर्षानुवर्षे उभी असलेली शेव्हरोले पुन्हा सुरू करताना

पुण्यातल्या जुन्या बंगल्यांच्या आवारात 1949 ते 1952 या काळातली शेव्हरोले सेडान आजही क्वचित ताडपत्रीखाली उभी सापडते. अशी गाडी हाती आली की नवी बॅटरी जोडून लगेच स्टार्टर मारून पाहावासा वाटतो. तो मोह आवरावा, कारण या इंजिनाचे सर्वांत मोठे नुकसान पहिल्या काही मिनिटांतच होते.

जनरल मोटर्सने 1928 साली मुंबईत शिवडीला शेव्हरोले गाड्यांची जोडणी सुरू केली आणि 1954 साली ती बंद केली. आपल्याकडे धावलेल्या या पिढीच्या गाड्यांचे मूळ तिथे आहे. 1949 चे मॉडेल म्हणजे युद्धानंतर शेव्हरोलेने आणलेली पहिली पूर्णपणे नवी बॉडी. बॉनेटखाली मात्र 1937 पासून चालत आलेले 216.5 घन इंचांचे, सहा सिलिंडरांचे इंजिनच ठेवले होते, आणि दुरुस्ती करणाऱ्याने प्रथम समजून घ्यायची गोष्ट हीच आहे. या इंजिनात मेन बेअरिंगला पंपाच्या दाबाने ऑइल मिळते, पण पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला तसे मिळत नाही. चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या पात्रात, पन्हळीसारखे छोटे हौद असतात. रॉडच्या टोपीखालची पळी प्रत्येक फेऱ्याला त्यातले ऑइल उचलते आणि वेग वाढला की नळ्यांतून सुटणारी धार त्या पळीवर पडते. रॉडचे बेअरिंग म्हणजे रॉडमध्येच ओतलेले व्हाइट मेटल, म्हणजे मऊ मिश्रधातू. ऑइल पोचले नाही, तर ते पाहता पाहता वितळते.

म्हणून पहिले काम चेंबर उतरवण्याचे. तळाशी बसलेला काळा, चिकट गाळ रॉकेलने धुऊन काढावा, हौद स्वच्छ करावेत आणि धार सोडणाऱ्या प्रत्येक नळीतून हवा मारून ती मोकळी आहे याची खात्री करावी. नळी वाकली असेल, तर धार पळीवर पडणारच नाही. तिची दिशा नीट तपासल्याशिवाय चेंबर बसवू नये. चेंबर उघडा असतानाच रॉड हाताने वर-खाली हलवून ढिलाई पाहावी. ती थोडी असेल, तर टोपीखालच्या शिम (पातळ पत्र्या) काढून कमी करता येते. व्हाइट मेटलला तडे गेले असतील, तर ते नव्याने ओतून घेण्याला पर्याय नाही.

त्यानंतर सगळे प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर पातळ ऑइल सोडावे आणि दोन दिवस थांबावे. मग सपाट जागी गाडी तिसऱ्या गिअरमध्ये टाकून हलक्या हाताने ढकलावी. ब्रेकचा भरवसा नसल्याने चाकापुढे लावायला लाकडी ठोकळा तयार ठेवावा. इंजिन जाम असेल, तर जोर करू नये, पुन्हा ऑइल सोडून वाट पाहावी. ते मोकळे फिरू लागले की प्लग न बसवताच स्टार्टरने फिरवून ऑइलच्या मीटरचा काटा हलतो का ते पाहावे. या मीटरची मर्यादाच दर चौरस इंचाला 30 पौंड दाबाची आहे, त्यामुळे चालत्या गाडीत काटा 14 च्या आसपास राहिला तर घाबरण्याचे कारण नाही. व्हॉल्व्हचे झाकण काढून रॉकरपर्यंत, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांपर्यंत, ऑइल चढते का, हेही डोळ्यांनी पाहावे. ती नळी हमखास तुंबलेली असते.

वायरिंग 6 व्होल्टचे आणि निगेटिव्ह अर्थचे आहे, म्हणजे बॅटरीचे निगेटिव्ह टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असते. स्टार्टर मंद फिरतो म्हणून 12 व्होल्टची बॅटरी लावणारे पुष्कळ असतात, पण बहुतेक वेळा दोष पातळ केबलचा किंवा गंजलेल्या अर्थचा असतो. नाना पेठेत केबल घेताना सर्वांत जाड मागावी.

जुने पेट्रोल टाकीत डिंकासारखे जमते, म्हणून टाकी उतरवून धुवावी. हल्लीच्या पेट्रोलमधले इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही. पंपाचा पडदा आणि सर्व होज इथेनॉल सोसणारे घ्यावेत. ब्रेकची रचना एकाच सर्किटची आहे, म्हणजे एक चाक गळले की चारही ब्रेक जातात. त्यामुळे मास्टर सिलिंडर आणि चाकांचे सिलिंडर उघडून पाहावेत. खड्डे पडले असतील, तर भोसरीच्या एखाद्या लेथवाल्याकडून स्लीव्ह बसवून घ्यावी. इथे काटकसर नको.

गाडी रस्त्यावर आल्यावर ताशी 60 किलोमीटरच्या आत ठेवावी. मागच्या अ‍ॅक्सलमधल्या गिअरचे प्रमाण 4.11 असल्याने वेगात इंजिनाचे फेरे फार वाढतात, आणि उलट कात्रजच्या चढावर वरच्याच गिअरमध्ये रेटले, तर व्हाइट मेटलवर घाव बसतात. चढाला गिअर वेळेत उतरवावा.

डिझेल इंजिन बसवण्याचा सल्ला मिळेल, तो मी कधीच मानणार नाही. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीलाच व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये असून ती 10 वर्षे टिकते, आणि गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल वा दुरुस्तीपुरतीच रस्त्यावर आणता येते. त्यामुळे खर्चाला हात घालण्यापूर्वी कागदांवरचे इंजिन आणि चॅसिसचे क्रमांक गाडीवरच्या क्रमांकांशी ताडून घ्यावेत.