आवळा आणि सोडा: अंगातला ताण उतरवण्याची रीत

डोक्यातले विचार थांबत नसतील तर त्यांच्याशी झटापट करू नका, आधी शरीराला हाताशी धरा. अमेरिकन डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडलेल्या पद्धतीवरून आलेला हा प्रकार सोपा आहे: स्नायू मुद्दाम आवळायचा, मग एकदम सोडायचा.

पाठीवर आडवे व्हा, गुडघ्यांखाली उशी घ्या. उजवी मूठ ५ ते ७ सेकंद आवळा, श्वास सोडत झटकन सैल करा आणि २० सेकंद काहीही करू नका. खरं काम या २० सेकंदांतच होतं. हात जड, किंचित उबदार वाटू लागतो. लक्ष तिथेच ठेवा. मग डावा हात, खांदे कानांकडे, कपाळ, जबडा, पोट, मांड्या, पावलं. जबडा सोडल्यावर दातांवर दात टेकलेले नकोत. अनेकांचा ताण तिथेच दडून बसतो.

सगळी ताकद लावू नका, निम्मी पुरे. पायांची बोटं खाली ताणली तर पोटरीत गोळा येऊ शकतो, म्हणून ती स्वतःकडे ओढा. आवळताना श्वास कोंडू नका. दुखरा किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेला भाग वगळाच, आणि रक्तदाब जास्त असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

पूर्ण फेरीला साधारण चार-पाच मिनिटं लागतात. वेळ नसेल तर फक्त खांदे आणि जबडा करा. खुर्चीत बसूनही जमतं.